डबेवाल्यांचं 'सिक्स सिग्मा' आलं कुठून?

मुंबईच्या डबेवाल्यांबद्दलचं एक वाक्य आपण कधी ना कधी ऐकलेलं असतं. 'फोर्ब्ज मासिकाने त्यांना सिक्स सिग्मा मानांकन दिलंय. साठ लाख डब्यांमागे त्यांची एकच चूक होते.' एमबीएच्या वर्गात, कंपनीच्या प्रशिक्षण शिबिरात, रविवारच्या पुरवणीत, व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डमध्ये हे वाक्य असतंच. ऐकताना ऊर भरून येतो. मावळ, खेड, जुन्नर, आंबेगावातून आलेली, गांधी टोपी घालणारी, पंढरीची वारी करणारी आपली माणसं जगातल्या बड्या कंपन्यांच्या पंक्तीला जाऊन बसली, असं वाटतं.

पण फोर्ब्जने असं मानांकन दिलेलंच नाही. ज्या पत्रकाराच्या लेखाचा हवाला दिला जातो, त्यानेच हे सांगितलंय.

डबेवाल्यांना कमी लेखण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांचं काम खरोखर थक्क करणारं आहे, आणि ते जसं आहे तसंच लोकांना कळायला हवं. शिवाय व्यवस्थापनातली एखादी कल्पना मासिकांतून, पुस्तकांतून, शोधनिबंधांतून जगभर कशी पसरते, हे समजून घ्यायला इतकं जवळचं उदाहरण दुसरं मिळणार नाही.

आधी सिक्स सिग्मा म्हणजे काय ते बघू. हा बक्षिसाचा किंवा दर्जाचा शिक्का नाही. सिग्मा हे संख्याशास्त्रातलं एक माप आहे. एकाच मशीनवर बनलेल्या वस्तू एकमेकींपासून साधारण किती वेगळ्या निघतात, ते या मापाने कळतं. समजा, एका कारखान्यात १० मिलिमीटर जाडीच्या पिना बनतात. गिऱ्हाईक म्हणतं, ९.९४ ते १०.०६ च्या मधली कुठलीही पिन चालेल. मशीन इतकं नेमकं आहे की पिनांमधला फरक, म्हणजे एक सिग्मा, फक्त ०.०१ मिलिमीटरचा आहे. मग मधल्या आकड्यापासून दोन्ही बाजूंना सहा-सहा सिग्मा जागा शिल्लक राहते. अशा मशीनमधून मर्यादेबाहेरच्या पिना एक अब्जात जेमतेम दोन निघतील, असं गणित सांगतं.

व्यवहारात मात्र मशीन कालांतराने थोडं सरकतं. हत्यार झिजतं, माल बदलतो. मोटोरोला या अमेरिकन कंपनीच्या इंजिनिअरांनी त्यासाठी दीड सिग्माची सूट धरली. ती धरली की दोष होतात दहा लाखांत ३.४. म्हणजे एकाच नावाखाली दोन आकडे आले: अब्जात दोन आणि दहा लाखांत ३.४. या दोन्हींत सुमारे सतराशे पटींचा फरक आहे. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही पद्धत मोटोरोलात १९८६ च्या सुमारास बिल स्मिथ या इंजिनिअरच्या पुढाकाराने आकाराला आली. १९८८ मध्ये अमेरिकन सरकारने गुणवत्तेसाठी नव्याने सुरू केलेला माल्कम बाल्ड्रिज पुरस्कार मोटोरोलाला मिळाला. या पुरस्काराची एक अट होती: जिंकणाऱ्याने आपण काय केलं ते इतरांना सांगायचं. म्हणजे कल्पनेला पुरस्कारासोबत व्यासपीठही मिळालं. पुढे अलाइडसिग्नल कंपनीचे प्रमुख लॅरी बॉसिडी यांनी ती उचलली. ते मूळचे जनरल इलेक्ट्रिकचे (जीई), तिथले प्रमुख जॅक वेल्च यांचे जुने सहकारी. १९९५ मध्ये वेल्च यांनी ती जीईत आणली आणि तिचं चित्रच पालटलं. कराटेसारखे ग्रीन बेल्ट, ब्लॅक बेल्ट असे हुद्दे मोटोरोलाच्या काळातच तयार झाले होते. जीईत बढतीचा रस्ता या बेल्टांमधून जाऊ लागला. भागधारकांसाठीच्या वार्षिक अहवालांत सिक्स सिग्माने किती पैसे वाचवले याचे आकडे छापले जाऊ लागले. वेल्च तेव्हा जगातले सर्वांत कौतुकाचे सीईओ. त्यांनी केलं ते इतरांना करावंसं वाटणारच.

वेल्च यांच्या जागी कोण, हे २००० च्या अखेरीस ठरलं. निवड न झालेल्या दोघांपैकी जेम्स मॅकनर्नी थ्रीएममध्ये गेले आणि रॉबर्ट नार्डेली होम डेपोत. दोघांनीही सिक्स सिग्मा सोबत नेलं. थ्रीएम म्हणजे पोस्ट-इट नोट्सवाली कंपनी, नव्या शोधांवर जगणारी. कारखान्यांत या पद्धतीने खर्च कमी झाला, पण प्रयोगशाळेत अडचण झाली. जे अजून सापडलेलंच नाही, त्यातला चढउतार कमी कसा करणार? मॅकनर्नींनंतर आलेल्या जॉर्ज बकली यांनी संशोधन विभागात या पद्धतीची पकड सैल केली, आणि २००७ मध्ये बिझनेसवीक साप्ताहिकाने त्यावर मोठा लेख छापला.

कल्पना कशी प्रवास करते ते इथे दिसतं. एका कारखान्यातल्या एका अडचणीवर कुणी तरी उपाय काढतं. त्या कंपनीला यश मिळतं. यशाचं कारण शोधणारे पत्रकार, सल्लागार आणि प्राध्यापक तिथे पोहोचतात. उपायाला नाव मिळतं, पायऱ्या ठरतात, प्रमाणपत्रं निघतात, कारण नाव आणि पायऱ्या असल्याशिवाय कल्पना विकता येत नाही, शिकवता येत नाही. या सगळ्यात मूळची अडचण काय होती आणि उपाय कुठे लागू पडत नाही, एवढंच नेमकं गळून जातं. कोलंबिया विद्यापीठाचे एरिक अब्राहमसन यांनी १९९६ च्या आपल्या निबंधात याला व्यवस्थापनातली फॅशन म्हटलं. त्यांचं म्हणणं असं की, सल्लागार संस्था, बिझनेस स्कूल्स आणि व्यापारी मासिकं मिळून एक बाजार चालवतात. व्यवस्थापकांना सतत काही तरी नवं आणि शहाणपणाचं करत असल्याचं दाखवावं लागतं, आणि हा बाजार ती गरज भागवतो. जपानमधून आलेली क्वालिटी सर्कल्स, म्हणजे गुणवत्तेच्या अडचणींवर एकत्र बसून विचार करणारे कामगारांचे छोटे गट, त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर अशीच तपासली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्यावरच्या लेखांचा पूर आला आणि काही वर्षांतच तो ओसरला.

आता मुंबईकडे वळू.

१९९८ मध्ये फोर्ब्जमध्ये सुब्रत चक्रवर्ती यांचा डबेवाल्यांवरचा लेख आला. पुढे लोक त्यांना सिक्स सिग्माबद्दल विचारू लागले तेव्हा त्यांनी सविस्तर खुलासा केला. त्यांच्या सांगण्यानुसार घडलं ते असं. रोज सुमारे पावणेदोन लाख डबे इकडून तिकडे जातात हे पाहून ते प्रभावित झाले आणि त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारलं, चूक कितीदा होते? उत्तर आलं, जवळजवळ नाहीच, दोन महिन्यांतून एखादी. चक्रवर्तींनी गणित केलं. पावणेदोन लाख गुणिले कामाचे साधारण ४६ दिवस म्हणजे सुमारे ८० लाख. रिकामा डबा घरीही परत जातो, तो फेरा धरला तर १ कोटी ६० लाख. तेवढ्यात एक चूक. हा आकडा त्यांनी लेखात वापरला. सिक्स सिग्मा हे शब्द लेखात कुठेही नव्हते.

पुढचा प्रसंग चक्रवर्तींच्या कानावर आला तो असा. २००२ मध्ये एका परिषदेत एका पत्रकाराने संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं, तुमची संस्था सिक्स सिग्मा आहे का? ते काय असतं हे त्यांना माहीत नव्हतं. एक अब्जात १.९ चुका, असं सांगितल्यावर ते म्हणाले, मग आम्ही आहोत, फोर्ब्जला विचारा. त्या पत्रकाराने मूळ लेख न वाचताच छापलं की फोर्ब्जने डबेवाल्यांना सिक्स सिग्मा ठरवलंय. तिथून ते वाक्य सुटलं ते सुटलंच.

या साखळीत लबाडी कुणीही केली नाही. प्रमुखांनी आपल्या अंदाजाने उत्तर दिलं. 'दोन महिन्यांतून एखादी' हा तर बोलण्याचा एक प्रकार आहे, क्वचित या अर्थाचा. लेखकाने त्यावर सरळ गुणाकार केला. अध्यक्षांनी एका प्रतिष्ठित मासिकाचा आधार घेतला. शेवटच्या पत्रकाराची चूक म्हणजे त्याने मूळ लेख उघडला नाही. पण बघा, वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत मोजणी कुठेच नाही. तोंडी अंदाजाचा गुणाकार होऊन आकडा झाला, आकड्याला मासिकाचं नाव लागलं आणि त्या नावाचं मानांकन झालं. प्रत्येक टप्प्यावर खात्री वाढत गेली आणि माहिती होती तेवढीच राहिली.

एकदा नामांकित मासिकाचं नाव चिकटलं की आकडे स्वतःशीच भांडायला लागले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. कित्येक लेखांत असं वाक्य सापडतं: अचूकता ९९.९९९९९९ टक्के, म्हणजे साठ लाखांत एक चूक. पेन घेऊन करून बघा. दशांश चिन्हापुढे सहा वेळा नऊ म्हणजे दहा कोटींत एक चूक. साठ लाखांत एक चूक म्हणजे ९९.९९९९८ टक्के. एकाच वाक्याच्या दोन टोकांमध्ये जवळजवळ सतरा पटींचा फरक आहे, आणि तरीही ते वाक्य वर्षानुवर्षं जसंच्या तसं उतरवलं जातंय. चक्रवर्तींच्या लेखात तर ८० लाख आणि १ कोटी ६० लाख होते. साठ लाख वाटेत कुठे तरी आले.

आता मघाचे दोन आकडे काढू. परिषदेत अध्यक्षांना सांगितलेली फूटपट्टी होती अब्जात १.९. १ कोटी ६० लाखांत एक चूक म्हणजे अब्जात सुमारे ६२. म्हणजे फोर्ब्जचा आकडा अगदी खरा धरला, तरी त्या फूटपट्टीवर डबेवाले बसत नाहीत. मोटोरोलाची दहा लाखांत ३.४ ही फूटपट्टी लावली, तर मात्र आरामात बसतात. इतके आरामात की दोन महिन्यांतून सोडा, आठवड्यातून एक चूक झाली तरी बसतील. एवढंच काय, रोज एक डबा चुकला, तरीही! तेव्हा रोजचे दोन्ही फेरे मिळून साडेतीन लाख डबे हलत. त्यात एक चूक म्हणजे दहा लाखांत २.९.

या गणिताने मला स्वतःला बरं वाटलं. म्हणजे दावा खोटाच असेल असं नाही. तो खरा असण्याची चांगली शक्यता आहे, आणि त्यासाठी दोन महिन्यांत एक असला अविश्वसनीय आकडा लागतही नाही. पण खरा असू शकणं वेगळं आणि मोजलेलं असणं वेगळं. शिवाय चूक कशाला म्हणायचं, हेच कुठे ठरलेलं नाही. डबा दुसऱ्याच्या टेबलावर गेला ही चूक झाली. अर्धा तास उशीर झाला तर? डाळ सांडली तर? डबा चोरीला गेला, किंवा पावसात लोकल बंद पडून पोहोचलाच नाही तर? डबा एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात तीन-चार वेळा जातो, तर चुकीची संधी एक धरायची की चार? सिक्स सिग्मा शिकवताना पहिल्याच दिवशी हेच विचारायला शिकवतात. डबेवाल्यांच्या दाव्याला ते क्वचितच कुणी विचारलं.

यात विद्यापीठांची भूमिका काय? २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन टॉम्की यांनी डबेवाल्यांवर केस स्टडी लिहिली आणि २०१२ मध्ये हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लेख. त्यानंतर 'हार्वर्डने अभ्यास केला' हे नवं वाक्य जुन्या वाक्याला जोडलं गेलं. इथे वाचकाने तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात, कारण तिन्ही आपल्याकडे 'संशोधन' म्हणूनच पोहोचतात. केस स्टडी हे वर्गात चर्चा करण्यासाठीचं साहित्य असतं. हार्वर्डच्या केसवर तशी सूचनाच छापलेली असते: हे फक्त वर्गातल्या चर्चेसाठी आहे, कुणाची शिफारस नाही, मूळ माहितीचा आधार नाही, चांगल्या-वाईट व्यवस्थापनाचा दाखला नाही. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू हे व्यवस्थापकांसाठीचं मासिक आहे. त्याचे संपादक कसलेले असतात, पण शोधपत्रिकांसारखी बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी ही त्याची रीत नाही. तिसरा प्रकार म्हणजे अशी तपासणी होणारी शोधपत्रिका. तिथेही तपासणारे निबंधाची पद्धत आणि निष्कर्ष बघतात. सुरुवातीच्या परिच्छेदात विषयाची ओळख म्हणून आलेलं वाक्य, संदर्भ दिलेला असला की, बहुधा तसंच पुढे जातं. संदर्भ वर्तमानपत्राचा असला तरी. मग पुढचा निबंध या निबंधाचा हवाला देतो, आणि वर्तमानपत्रातली गोष्ट दोन पिढ्यांत शास्त्रीय साहित्यातली होऊन बसते.

आपण समजतो की ज्ञान विद्यापीठातून निघतं आणि झिरपत कंपन्यांपर्यंत येतं. स्टीफन बार्ली, गॉर्डन मेयर आणि डेब्रा गॅश यांनी १९८८ मध्ये हेच तपासलं. 'कंपनीची संस्कृती' हा विषय तेव्हा जोरात होता. १९७५ ते १९८४ मधले त्यावरचे १९२ लेख त्यांनी घेतले, काही अभ्यासकांसाठी लिहिलेले, काही व्यवस्थापकांसाठी. सुरुवातीला दोघांची भाषा वेगळी होती. हळूहळू अभ्यासकच व्यवस्थापकांच्या भाषेत बोलू लागले. उलट झालं नाही. पाणी खालून वर चढलं होतं.

मग फॅशनच्या मागे धावून कंपन्यांना मिळतं काय? बॅरी स्टॉ आणि लिसा एपस्टाइन यांनी २००० मध्ये अमेरिकेतल्या शंभर मोठ्या औद्योगिक कंपन्या घेऊन पाहिलं की, बातम्यांत ज्यांचं नाव लोकप्रिय तंत्रांशी जोडलं जातं त्यांचं काय होतं. आर्थिक कामगिरी त्यामुळे सुधारलेली दिसली नाही. पण त्या कंपन्यांचं कौतुक जास्त झालं, त्या अधिक नवीन विचारांच्या मानल्या गेल्या आणि त्यांच्या सीईओंचा पगार वाढला. मासिकांत नाव येण्याची किंमत असते आणि ती कुणाच्या खिशात जाते, हे या निबंधाने जितकं स्पष्ट दाखवलं तितकं दुसरीकडे मी वाचलेलं नाही.

डबेवाल्यांच्या बाबतीत मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. सिक्स सिग्माच्या शिक्क्याखाली त्यांचं खरं कौशल्य झाकलं जातं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था मोटोरोलापेक्षा जुनी आहे आणि तिची तत्त्वं तिची स्वतःची आहेत.

डब्याचं झाकण बघा. त्यावर गिऱ्हाईकाचं नाव नसतं, पत्ता नसतो. मध्ये एक ठळक आकडा असतो, तो डबा कुठल्या भागात उतरणार ते सांगतो. कडेला छोटी अक्षरं आणि आकडे असतात: पोहोचवणारा डबेवाला, इमारत, मजला. आणखी एका खुणेने डबा कुठल्या स्टेशनातून निघाला ते कळतं, म्हणजे संध्याकाळी तो कुठे परतायचा तेही. घराचा पत्ता लिहिलेलाच नसतो, कारण रोज त्याच दारातून डबा उचलणाऱ्याला तो पाठ असतो. झाकणावर फक्त तेवढंच लिहायचं जे पुढच्या माणसाला माहीत नाही. गर्दीत, घाईत, एका नजरेत वाचता येईल एवढंच. स्टेशनवर लगेजच्या डब्यात भरलेले ट्रे चढवायला मोठ्या स्टेशनांवर चाळीसेक सेकंद मिळतात, छोट्यांवर वीसेक.

लोकलचं वेळापत्रक हेच त्यांचं वेळापत्रक. तिथे कुणाला कुणावर ओरडावं लागत नाही, गाडी थांबत नाही एवढं पुरतं. पंचवीसेक जणांचा गट असतो, मुकादम असतो आणि काही माणसं जास्तीची ठेवलेली असतात. कुणी आजारी पडला, कुणी गावाला गेला, तर ते त्याची जागा घेतात. आजच्या कंपन्या जास्तीची माणसं हा वायफळ खर्च समजून आधी कापतात. डबेवाल्यांचा भरवसा त्याच माणसांवर उभा आहे. आणि डबेवाला नोकर नसतो, गटातला भागीदार असतो. गिऱ्हाईक तुटलं तर कमाई त्याचीच जाते.

टॉम्कींच्या लेखात यातलं बरंचसं आहे. त्यांनी डब्यांची संख्या १ लाख ३० हजारांच्या पुढे दिली आहे, वर्तमानपत्रांतल्या दोन लाखांपेक्षा बरीच कमी. पण त्या लेखातून पुढे फिरलं ते 'हार्वर्ड' हे नाव. जास्तीची माणसं ठेवा, खूण कमीत कमी लिहा, कामाचा ठेका माणसाने नव्हे तर गाडीने ठरवू द्या, हे फारसं फिरलं नाही. शिक्का एका वाक्यात मावतो. पद्धत समजून घ्यायला विरार लोकलच्या लगेजच्या डब्यात उभं राहावं लागतं.

ही मोजणी आजही करता येईल आणि ती वाटते तितकी अवघड नाही. संख्याशास्त्रात एक सोपा ठोकताळा आहे: जितक्या वस्तू पाहिल्या त्यांत एकही दोष निघाला नाही, तर तीनला त्या संख्येने भागायचं. खरा दोष-दर त्याहून कमी आहे, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. दहा लाखांत ३.४ च्या आत आहोत हे दाखवायला असे सुमारे ८ लाख ८० हजार डबे निर्दोष पाहायला हवेत. चक्रवर्तींच्या काळचे पावणेदोन लाख डबे धरले, तर सकाळच्या फेऱ्याचे पाच-सहा दिवस पुरले असते. मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या, डबे थांबले आणि त्यानंतर गिऱ्हाइकं बरीच घटली, त्यामुळे आता जास्त दिवस लागतील. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या महाविद्यालयाने संघटनेशी बोलून, आधी चूक म्हणजे काय ते लिहून ठरवावं. उशीर, अदलाबदल, सांडणं, हरवणं यांचे वेगळे रकाने करावेत. विद्यार्थ्यांना डबा उचलणाऱ्याकडे नव्हे, तर तो घेणाऱ्या गिऱ्हाईकाकडे रोज विचारायला पाठवावं. एखाद-दुसरी चूक निघाली तर गणित थोडं बदलेल, मोजणी वाया जाणार नाही. आणि जो आकडा निघेल तो, तारखेसह आणि पद्धतीसह, आधी डबेवाल्यांच्या हाती द्यावा.